थट्टेची चित्रफीत : तिची कला आणि तिच्या मर्यादा



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मुलींचे शिक्षण, स्पर्धा परीक्षा, व्यसनमुक्ती असे विषय आपण नेहमीच ऐकत आला आहात. त्या मालिकेत 'प्रँक व्हिडिओ' हा विषय जाहीर झाल्याबरोबर काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पोरकटपणावर भाषण कसले करावयाचे, असेही कोणी मनात म्हणाले असेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, आज रात्री दहा वाजता आपल्या घरातील मुलाच्या हातात काय आहे ते पाहावे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि पाहता पाहता मोबाईलवरील चित्र किनवट-हिमायतनगरपर्यंत स्वस्त झाले. प्रथम आपली मुले नुसती पाहत होती. आता ती स्वतः बनवू लागली आहेत. बनवण्याला माझा विरोध नाही. उलट नुसते पाहणाऱ्यापेक्षा बनवणारा मला अधिक आवडतो. पण जो बनवतो त्याला कसब लागते आणि कसबाला कायदा लागतो. सुताराला करवत कशी धरावी हे शिकवतात, तशीच ती कोणाच्या दाराला लावू नये हेही शिकवतात.

'प्रँक' या इंग्रजी शब्दाला मराठीत नेमका एक प्रतिशब्द सापडत नाही. याचे कारण आपल्याकडे शब्दांचा दुष्काळ आहे असे नव्हे. गंमत, थट्टा, मस्करी, खोडी, चेष्टा, टिंगल, टवाळी, फजिती, छळ अशी मोठी उतरंड आपल्या भाषेत आहे आणि प्रत्येक पायरीवर अर्थ थोडा थोडा बदलत जातो. गंमत दोघांची असते. थट्टेत एक हसतो व दुसरा मागाहून हसतो. टिंगलीत दुसरा हसतच नाही. छळात तर त्याला रडू येते आणि तरी पहिला हसतच असतो. घरी दखनी बोलणारे आपण या सर्वांना 'मज़ाक' म्हणून मोकळे होतो. पण मराठीने जो भेद राखला आहे तो फार उपयोगाचा आहे. एखादी चित्रफीत पाहताना ती या उतरंडीवर कोणत्या पायरीवर आहे, एवढे स्वतःला विचारून पाहा.

आता कोणी म्हणेल, हे सारे पाश्चात्यांचे खूळ. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकेत अ‍ॅलन फंट या गृहस्थाने १९४७ साली नभोवाणीवर चोरून ध्वनिमुद्रण करण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि १९४८ साली तो दूरचित्रवाणीवर आला व पुढे 'कँडिड कॅमेरा' या नावाने ओळखला गेला. ज्याची फजिती झाली त्याला शेवटी सर्व उलगडून सांगत आणि प्रक्षेपणासाठी त्याची सही घेत. आपल्याकडे सायरस ब्रोचा यांनी एमटीव्हीवर 'बकरा' हा कार्यक्रम लोकप्रिय केला. पण हा धंदा आपल्या मातीत त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांनी बहुरूपी पाहिलेला असणार.

सुगी झाली की तो गावात येई. अंगात खाकी कपडे, हातात छडी, तोंडात शिट्टी. ओट्यावर निवांत पान चघळत बसलेल्या माणसापुढे उभा राहून तो दरडावी की, तुमच्या नावाचे वॉरंट आहे, मुकाट्याने ठाण्यावर चला. बसलेला माणूस गडबडे. गुन्हा काय म्हणून विचारावे, तर बहुरूपी असा काही अचाट गुन्हा सांगे की, ऐकणाऱ्याच्या हळूहळू ध्यानात येई. भोवती जमलेली पोरे हसत, मग तो माणूसही हसे, आणि आतून पसाभर ज्वारी किंवा चार आणे बाहेर येत. याच्या कलेकडे नीट पाहा. वेष तो पूर्ण चढवीत नसे; कोठेतरी एक फट ठेवी, म्हणजे शहाण्याला लवकर कळावे आणि भोळ्याला थोडे उशिरा. दरडावण्यासाठी तो पाटील निवडी, दुकानदार निवडी. रोजगाराला निघालेल्या म्हातारीला दरडावून कोणी हसले नसते आणि त्याला दाणाही मिळाला नसता. उलगडा तो स्वतः, त्याच जागी, त्याच माणसासमोर करी. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, पुढच्या वर्षी त्याला त्याच दारी यायचे असे. त्याला कोणी नीतीचे पुस्तक दिले नव्हते. पुन्हा त्याच ओट्यापुढे उभे राहायचे आहे, ही जाणीव त्याला पुरे होती.

आजच्या चित्रफितवाल्याला ती जाणीव नाही. तो फजिती करतो भोकरच्या माणसाची आणि बिदागी घेतो कॅलिफोर्नियातील कंपनीकडून. ज्याची फजिती झाली त्याचा व त्याचा पुन्हा संबंध येत नाही. माझ्या मते बिघाड येथेच आहे. बाकी सर्व गोष्टी त्यातून निघतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे कसबाविषयी. तुम्ही जे पाहता ते कसे तयार होते, हे तुम्हांला ठाऊक असले पाहिजे. एक मोबाईल पिशवीत किंवा समोरच्या दुकानाच्या फळीवर लपवतात. दुसरा सोबत्याच्या हातात असतो आणि तो बोलण्याचे सोंग करतो. सोंग करणाऱ्याच्या सदऱ्यात बारीक माइक असतो. तीन-चार तास उन्हात उभे राहावे तेव्हा चार मिनिटांची चित्रफीत हाती लागते. जी माणसे हसली नाहीत, रागावली, निघून गेली, ती सर्व कात्रीखाली जातात. म्हणून तुम्हांला वाटते की, लोकांना हे फारच आवडते. पहिल्या पाच-सात सेकंदांत काहीतरी धक्कादायक दाखवावे लागते, नाहीतर पाहणारा अंगठ्याने पुढे सरकतो. दर्शनी चित्रावर डोळे वटारलेला चेहरा आणि लाल बाण असतो. हे सर्व व्यापाराचे शास्त्र आहे आणि ते शिकण्यात गैर काही नाही.

पण एक गोष्ट फार थोड्या मुलांना माहीत असते. या चित्रफितींपैकी पुष्कळशा ठरवून केलेल्या असतात. ज्याला बकरा म्हणून दाखवतात तोही त्यांच्याच मंडळीतला असतो. ओळखायचे कसे? भर बाजारात जर त्या 'अनोळखी' माणसाचा आवाज स्वच्छ ऐकू येत असेल, तर त्याच्याही सदऱ्यात माइक आहे असे समजावे. तो वळण्यापूर्वीच कॅमेरा त्याच्या तोंडासमोर तयार असेल, तर त्याला वळायला सांगितलेले आहे. एकच थप्पड तीन बाजूंनी दिसत असेल, तर ती तीनदा मारलेली आहे. हे नाटक आहे आणि नाटक करण्यात पाप नाही. अनर्थ होतो तो असा, की आपला मुलगा ते नाटक खरे मानतो आणि एसटी स्थानकावर खऱ्याखुऱ्या अनोळखी माणसावर त्याचा प्रयोग करतो. नाटकातला माणूस थप्पड खाऊन हसला होता. स्थानकावरचा माणूस दवाखान्यातून आला असेल, त्याच्या खिशात मुलीच्या लग्नाचे पैसे असतील, त्याला रक्तदाब असेल. तुम्ही त्याची निवड केली, पण त्याने तुमची केलेली नाही.

नाटकच करावयाचे तर उघडपणे करा. त्यासाठी लांब जावयास नको, मालेगावकडे पाहा. यंत्रमागाचे ते गाव. तेथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली मागावरची आणि बाजारातली माणसे घेऊन 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट थोडक्या पैशांत उभा केला. शुक्रवारी माग बंद, तोच चित्रीकरणाचा दिवस. पुढे या मंडळींवर फैज़ा अहमद खान यांनी २००८ साली 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि २०२५ साली त्यांच्या हकिकतीवरचा हिंदी चित्रपट चित्रपटगृहांत लागला. आज त्याच गावच्या 'छोटू दादा'च्या चित्रफिती देशभर पाहिल्या जातात. आमच्या मुलांना त्या तोंडपाठ आहेत, मला सांगायची गरज नाही. तिकडे बारामती तालुक्यात कांबळेश्वरच्या मंडळींनी 'चांडाळ चौकडीच्या करामती' चालवली आहे. या सर्वांत खोड्या आहेत, फजिती आहे, आरडाओरड आहे, कधी कधी तर मला ती जरा जास्तच वाटते. परंतु ज्याची फजिती होते त्याला आपली फजिती होणार आहे हे माहीत असते आणि संध्याकाळी तो सर्वांबरोबर चहा पितो.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मी घेतला तिच्याकडे येतो.

तारीख १ जुलै २०१८, वार रविवार. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तेथे भिक्षा मागत आले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे. पिढ्यान्‌पिढ्या परगावी भिक्षा मागून पोट भरणारी ही माणसे. त्या दिवसांत मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाईलवर धो धो येत होते. बाजारकऱ्यांना या परक्या माणसांचा संशय आला, जमाव जमला आणि पाचही जणांना ठेचून मारण्यात आले. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते. मारणाऱ्यांनीच त्या मारहाणीचीही चित्रफीत काढली.

त्या उन्हाळ्यात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीची होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या तेथील एका संस्थेने ती पालकांना जागे करण्यासाठी केली होती. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवर दोघे येतात, एका मुलाला उचलून निघून जातात. मग ते परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मूल पळवणे किती सोपे आहे अशा अर्थाचा फलक कॅमेऱ्यासमोर धरतात. हेतू चांगला, कारागिरी चांगली. कोणीतरी शेवटचा परतण्याचा भाग कापला आणि उरलेले पुढे पाठवले. कापलेला भाग थोड्या सेकंदांचा होता. पण त्या सेकंदांतच ती चित्रफीत सोंग होती; ती गेली आणि उरला तो पुरावा. कराचीच्या गल्लीतील मूल कर्नाटकातील, महाराष्ट्रातील, बंगालमधील मूल म्हणून घरोघर पोचले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचापेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा घातली. तोवर गेलेले जीव गेले होते.

मित्रांनो, तुमच्या थट्टेच्या चित्रफितीची रचनाही अगदी अशीच असते. आधी भीती, शेवटी उलगडा. तुमची सारी सभ्यता त्या शेवटच्या दहा सेकंदांत साठवलेली असते, आणि नेमकी तीच दहा सेकंदे कोणीही कापू शकतो. म्हणून चित्रफीत टाकण्यापूर्वी शेवट झाकून ती पाहा. जे उरते ते कोणाच्या हाती पडले तर काय होईल? पोत्यात लहान भावाला घालून मोटारसायकलवरून नेण्याची गंमत. मुलाने बुरखा घालून बाजारात फिरण्याची गंमत. स्टेशनात पिशवी फेकून पळण्याची गंमत. आपले गाव तालुक्याचे असले तरी लहान आहे. बाजार एक, एसटी स्थानक एक, आणि परमेश्वराच्या यात्रेत जिलेबीच्या दुकानावर सारेच शेजारी उभे असतात. येथून निघालेला तुकडा उलगड्याशिवाय हदगाव, किनवट, नांदेड करून तासाभरात परत येईल आणि त्याच्या खाली कोणी कोणत्या समाजाचे नाव लिहिले असेल, हे तुमच्या हाती राहणार नाही. बुरख्याच्या थट्टेविषयी तर मी मुद्दाम स्पष्ट बोलतो. तुम्ही चार हशे मिळवाल, आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच आई-बहिणीकडे बसमध्ये लोक संशयाने पाहतील.

बहुरूप्याचेही तेच झाले. अनोळखी गावात सोंग घेऊन जाणे हा ज्याचा पिढीजात व्यवसाय, त्याला आता सोंग घेणेच जिवावरचे झाले आहे.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण पालकांना ते कळलेले बरे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. सरकारी नोकराची बतावणी करणे, किंवा तसे भासवण्यासाठी गणवेश घालणे, हे तिच्या कलम २०४ व २०५ खाली येते. स्त्रीच्या लज्जेला धक्का देणारा शब्द वा हावभाव कलम ७९ मध्ये, आणि लोकांत घबराट पसरवणारी खोटी माहिती कलम ३५३ मध्ये. कोणाच्या शरीराच्या खाजगी भागाचे चित्र त्याच्या संमतीशिवाय घेणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई प्रमाणे गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. 'आम्ही तर गंमत करत होतो' हे उत्तर ठाण्यात चालत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये बंगळूरला रात्री भुताचा वेष करून वाटसरूंना घाबरवणाऱ्या सात विद्यार्थ्यांना पोलिसांनी पकडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मस्करीच्या नावाखाली अश्लील चित्रफिती केल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी तिघांना अटक केली. ऑगस्ट २०१८ मध्ये धावत्या लोकलसोबत नाचून चित्रफीत करणाऱ्या तिघा तरुणांना वसईच्या रेल्वे न्यायालयाने तीन दिवस स्थानक झाडायला लावले. हा शेवटचा निकाल मला मनापासून आवडला. तुरुंगापेक्षा झाडूने अक्कल लवकर येते.

परदेशातील दोन गोष्टी सांगतो, कारण त्या कोर्टाच्या पलीकडच्या आहेत. डिसेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका नभोवाणी केंद्राच्या दोघा निवेदकांनी राजघराण्यातील मंडळींचा आवाज काढून लंडनच्या एका रुग्णालयात फोन केला. फोन घेणारी परिचारिका मूळची आपल्या देशातील, मंगळूरकडची. तिने विश्वासाने फोन पुढे जोडून दिला. सारे जग हसले. तीन दिवसांनी त्या बाईने आपले जीवन संपवले. निवेदकांना तिचे काही वाईट करायचे नव्हते, ती त्यांना माहीतही नव्हती. दुसरी गोष्ट २०१७ सालची, अमेरिकेतील मेरीलँड राज्यातील. तेथे एक जोडपे आपल्याच मुलांची फजिती करून चित्रफिती टाकी. मुलांना खोटे आळ घालायचे, ओरडायचे, रडवायचे आणि मग गंमत होती म्हणायचे. लाखो लोकांनी ते पाहिले. शेवटी दोन मुलांचा ताबा त्यांच्या सख्ख्या आईकडे गेला आणि त्या जोडप्यावर मुलांची हेळसांड केल्याचा गुन्हा शाबीत झाला.

पालकांनो, ही दुसरी गोष्ट आपल्यासाठी आहे. लहान मुलाचे खेळणे लपवून त्याचे रडणे मोबाईलवर घेणे आणि ते नातेवाइकांच्या गटात टाकणे, हे आपल्यापैकी किती जण करतात? थट्टेचा पहिला धडा मूल तेथे घेते. मग तेच मूल मोठे होऊन दादीला फोन करते की, अब्बांचा अपघात झाला. आणि दादीचा चेहरा चित्रित करते. तेव्हा त्याला रागावण्यापूर्वी आपला जुना मोबाईल एकदा उघडून पाहावा.

आपल्या दीनने थट्टेला मनाई केलेली नाही. हजरत मुहंमद पैगंबर (स.) स्वतः विनोद करीत. सवारीसाठी उंट मागायला आलेल्या एका माणसाला त्यांनी उंटिणीचे पिलू देतो असे सांगितले. तो माणूस गोंधळला, पिलावर बसायचे कसे? तेव्हा त्यांनी विचारले की, उंट म्हणजे उंटिणीचेच पिलू नव्हे काय? यात खोटे एक अक्षर नाही, कोणाचा अपमान नाही, आणि त्या माणसाला उंट मिळाला. दुसरा प्रसंग अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. प्रवासात एक सोबती झोपला असता इतरांनी गमतीने त्याची दोरी घेतली, तो घाबरून उठला, आणि एका मुसलमानाने दुसऱ्याला घाबरवणे योग्य नाही असे पैगंबरांनी बजावले. एका दोरीची ती गोष्ट. त्यात कोणाला इजाही झाली नव्हती.

पैशाचा मोह मला कळतो. घरात बेकारी असताना एखाद्या वाहिनीला लाखो प्रेक्षक आहेत हे ऐकून कोणाचे मन चळणार नाही? तेव्हा हिशेब समजून घ्या. यूट्यूबच्या जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी साधारणतः १,००० वर्गणीदार आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे भरावे लागते. अठरा वर्षांखालील मुलाला पैशाचे खाते पालकाच्या नावाने जोडावे लागते. म्हणजे पालकांची सही लागते आणि सही करणाऱ्याने चित्रफीत पाहिलेली असावी. धोकादायक व मनाला जबर धक्का देणाऱ्या मस्करीला त्या कंपनीने २०१९ च्या जानेवारीपासून स्पष्ट बंदी घातली आहे. मुलांना इजा किंवा मानसिक त्रास देणाऱ्या मस्करीलाही तेथे जागा नाही. अशी एखादी चित्रफीत निघाली तर मागची सर्व मेहनत बुडू शकते.

ज्यांना तरीही ही कला करावयाची आहे त्यांना माझे सांगणे साधे आहे. पहिला बकरा स्वतः व्हा. स्वतःवर हसवणे सर्वांत कठीण आणि म्हणून सर्वांत टिकाऊ. अनोळखी माणसाला घ्यायचेच असेल तर त्याला देण्याची थट्टा करा, घेण्याची नको. हमालाला त्याच्या ओझ्याखाली हसवू नका, ओझे उतरल्यावर हसवा. चित्रीकरण होताच तेथल्या तेथे मोबाईल त्याच्या हातात द्या, सबंध दाखवा, कोठे टाकणार ते त्याच्या भाषेत सांगा. तो नको म्हणाला तर त्याच्यासमोर पुसा. मूल असेल तर त्याच्या अम्मी-अब्बांना विचारल्याशिवाय कॅमेरा बाहेरच काढू नका. रुग्णालय, शाळेचे फाटक, स्टेशनचा फलाट आणि प्रार्थनास्थळ या जागा वगळा.

आणि एक काम सुचवतो. आपल्या परिसरात बहुरूप्याचे काम केलेली काही वृद्ध माणसे अजून असतील. पैनगंगेच्या काठच्या गावांतून त्यांचा शोध घ्यावा. त्यांच्याकडून त्यांचे सोंग, त्यांची बोलण्याची लकब, कोणत्या दारी कसे दरडावायचे आणि केव्हा थांबायचे, हे समोर बसून विचारावे आणि त्याची वीस-पंचवीस मिनिटांची चांगली चित्रफीत करावी. आठवी ते बारावीच्या मुला-मुलींची एक तुकडी मराठी व उर्दूच्या शिक्षकांच्या मदतीने हे करू शकेल. पुढच्या स्नेहसंमेलनात ती याच पडद्यावर दाखवता येईल आणि त्या कलावंतांना पहिल्या रांगेत बसवता येईल. बिदागीची रक्कम मात्र त्यांच्याशी आधी ठरवून घ्यावी.